चौसष्ट जणांचं एकच उत्तर

१

यंदा लोणीत कांदा सडला, आणि तो सोनबाच्या एकशे बारा मेंढ्यांनी सडवला, असं अख्ख्या शेतकरी गटानं एका चित्रावरून मान्य करून टाकलं. चित्र गटाच्या व्हॉट्सॲपवर आलं होतं. आडव्या पट्ट्या आणि सहा नावं: बियाणं, लागणीची तारीख, युरिया, चाळीची बांधणी, शेवटचं पाणी आणि ‘मेंढ्या बसवल्या का’. कांदा साठवायच्या चाळीतल्या सडीत ज्याचा वाटा मोठा, त्याची पट्टी लांब. मेंढ्यांची पट्टी एवढी लांब होती, की ती पुरी दिसावी म्हणून लोकांनी मोबाईल आडवे धरले.

सोनबा सत्तरी ओलांडलेला धनगर. पूर्वी दिवाळी झाली की मेंढरं घेऊन कोकणात उतरायचा. गुडघे बोलायला लागल्यापासून गावातच राहिला. पावसाळी पीक निघालं की शेतकरी त्याला रानात बोलावत. तो जाळीची वाघर लावून आठ-दहा दिवस तिथं मेंढ्या बसवी. लेंड्यांनी रान खतावलं की त्यात उन्हाळी कांद्याची लागण होई आणि सोनबाच्या घरी बाजरीचं पोतं पोचतं होई. हे गेली कित्येक वर्षं सुखानं चाललं होतं.

आता चौसष्ट शेतकऱ्यांच्या गटानं ठरवलं, की यापुढे कुणी मेंढ्या बसवायच्या नाहीत. शुक्रवारी संध्याकाळी सह्या व्हायच्या होत्या. सोनबा कुणाशी भांडला नाही. त्यानं टेम्पोवाल्या मच्छिंद्रला शनिवारी चाकणच्या बाजाराला यायला सांगितलं. मेंढ्या विकून मोकळं व्हायचं त्यानं मनाशी पक्कं केलं होतं.

खरी बोचणारी गोष्ट वेगळीच होती. ते चित्र काढणारी मुलगी, पुण्यात संख्याशास्त्र शिकणारी प्रांजल, सोनबाचीच नात होती.

मंगळवारी सकाळी ती वारूळवाडीला आशाताईंच्या दारात लॅपटॉप छातीशी धरून उभी राहिली.

२

आशाताई तालुक्यातल्या एका कॉलेजात एकतीस वर्षं संख्याशास्त्र शिकवून निवृत्त झाल्या होत्या. स्वभाव तिरसट, चहा बिनसाखरेचा, आणि आवडत्या विद्यार्थ्यांना नावं ठेवण्यात त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं. बी.एस्सी.ला प्रांजल त्यांची फारच आवडती असल्यामुळे बिचारीनं तीन वर्षं पुष्कळ ऐकून घेतलं होतं.

प्रांजलनं उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. प्रोजेक्टसाठी तिनं गटातल्या चौसष्ट घरी जाऊन माहिती गोळा केली होती. कुणाच्या चाळीत किती कांदा सडला आणि त्यानं शेतात काय काय केलं होतं, हे मांडून कुठल्या गोष्टीचा सडीत किती वाटा आहे ते काढलं होतं. उत्तर आलं तेव्हा ते झाकून ठेवणं तिला जमलं नाही. ती म्हणाली, “मॅडम, माझं कुठं चुकलं ते शोधा. आणि चुकलं नसेल तर तसंही सांगा. मेंढ्यांचाच दोष असेल, तर मला तेच ऐकायचंय.”

आशाताईंनी विचारलं, “आजोबा काय म्हणाले?”

“म्हणाले, घरचं असून झाकलं न्हाईस, लई बरं केलंस पोरी. आणि जेवायला बसले.”

एवढं सांगून प्रांजल भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत राहिली. आशाताईंना तिची फार माया आली, आणि माया आली की त्या खेकसत. “लॅपटॉप इकडे आण आणि बस. उभ्यानं रडायला माझ्याकडे जागा नाही,” असं म्हणून त्यांनी चष्मा चढवला.

त्यांचा पहिला संशय अगदी नेहमीचा होता. चिखलात रुतलेला टेम्पो दोघांनी मिळून ढकलला, तर ढकलला कुणी? जो आधी येऊन उभा राहिला तो म्हणणार, मीच. मागून आलेल्याच्या वाट्याला उरलंसुरलं. हिशेबाच्या मॉडेलचंही असंच असतं. दोन कारणं जोडीनं वावरत असतील, तर ज्याला आधी आत घेतलं ते सगळं श्रेय लाटतं, आणि इथं श्रेय म्हणजे दोष. म्हणून शहाण्या माणसानं प्रत्येक कारणाला पाळीपाळीनं सगळ्या जागांवर उभं करायचं, कधी पहिलं, कधी मधलं, कधी शेवटचं, आणि मग सरासरी काढायची. सहा कारणांच्या अशा सातशे वीस रांगा होतात. पोरीनं घाईत एकच रांग लावली असणार आणि मेंढ्या पुढं उभ्या राहिल्या असणार, अशी आशाताईंची खात्री होती.

प्रांजलनं सातशे वीसच्या सातशे वीस रांगा लावल्या होत्या. शिवाय आणखी दोन पद्धतींनी ताडून पाहिलं होतं. कसंही उलटंपालटं केलं तरी निम्म्याहून जास्त दोष मेंढ्यांच्याच नावावर येत होता.

आशाताईंनी तासभर खालीवर केलं. हिशेबात कुठंही चूक नव्हती आणि ते त्यांना मुळीच आवडलं नाही. चहा निवून गेला. मग अचानक त्यांनी त्या चित्रातल्या पाचव्या नावावर बोट ठेवलं. नाव होतं ‘शेवटचं पाणी’, आणि त्याच्यापुढे पट्टी नव्हतीच.

“हिचा वाटा किती?” त्यांनी विचारलं.

“शून्य,” प्रांजल म्हणाली.

३

आशाताईंना शून्याचा राग होता. लहान आकडा आला असता तर त्यांनी सोडून दिलं असतं. प्रांजलच्या चपलेचा नंबर जरी या हिशेबात घातला असता, तरी योगायोगानं त्याला शंभरातला पाव-अर्धा वाटा मिळाला असता. शून्य मिळवायला काहीतरी विशेषच घडावं लागतं.

त्यांनी मूळ तक्ता उघडला. कांदा काढायच्या आधी रानाचं पाणी तोडावं लागतं, म्हणजे कांद्याची मान वाळते आणि तो चाळीत टिकतो. प्रांजलनं प्रत्येकाला विचारलं होतं, काढणीआधी किती दिवस पाणी तोडलं? त्या रकान्यात वरपासून खालपर्यंत पंधरा लिहिलेलं होतं. पंधरा, पंधरा, पंधरा, चौसष्ट वेळा.

“कुणी चौदा म्हणालं नाही?” आशाताईंनी विचारलं.

प्रांजलनं रकाना पुन्हा वरून खाली बघितला.

“अगं, चौसष्ट माणसांना शेजारच्या लग्नाची तारीख विचारली तरी तीन उत्तरं येतात. आणि पाणी तोडायचे दिवस मात्र सगळ्यांचे सारखे?”

पंधरा दिवस हे पुस्तकातलं उत्तर होतं. शेतीच्या प्रत्येक शिबिरात ते सांगतात आणि शेतकऱ्यांना ते पाठ असतं. शिकलेल्या मुलीनं वही उघडून विचारल्यावर त्यांनी पाठ असलेलं म्हणून दाखवलं, एवढंच. पण त्याचा परिणाम वाईट झाला. सगळ्यांचा आकडा सारखा असला की त्याचा सडीशी काही संबंध आहे का हे मॉडेलला कळायला मार्गच उरत नाही. मग पाण्यानं जे काही बिघडवलं असेल, ते त्याच्याबरोबर फिरणाऱ्या दुसऱ्या कुणाच्या तरी नावावर चढतं.

“म्हणजे मेंढ्यांच्या?” प्रांजलनं विचारलं.

“मला काय माहीत? पाणी आणि मेंढ्या जोडीनं का फिरतील? आणि कदाचित सगळ्यांनी खरंच पंधरा दिवस पाणी तोडलं असेल. तुझ्या आजोबांसाठी मी खोटं बोलणार नाही.” आशाताई तक्त्यावरून बोट फिरवत होत्या. “मला न बसणारी माणसं दाखव. मेंढ्या बसल्या तरी ज्याचा कांदा टिकला, आणि नाही बसल्या तरी सडला, असं कुणी आहे?”

असे काही जण होते. त्यातले ठळक दोन. गोकुळच्या रानात मेंढ्या आठ दिवस बसल्या होत्या, तरी त्याची चाळ जवळजवळ शाबूत होती. आणि दुसऱ्याला स्वतःच्या कोंबड्यांच्या शेडचं खत पुरायचं, त्यामुळे त्यानं मेंढ्या कधीच बसवल्या नव्हत्या, तरी त्याचा एक तृतीयांश कांदा गेला होता. हा दुसरा गटाचा अध्यक्ष सोपान होता. मेंढ्यांवर बंदी घालायचा ठराव त्यानंच मांडला होता.

४

बुधवारी आशाताई एसटीनं मंचरला उतरल्या. हायवेवर कांदा-बटाट्याच्या गाड्यांची रांग लागली होती. प्रांजल स्कूटी घेऊन आलीच होती. लोणीपर्यंतच्या वाटेत आशाताईंनी तिच्या खांद्यावर ठेवलेला हात काढला नाही.

सोपान पन्नाशीचा, इस्त्रीचा पांढरा सदरा, बोलायला मऊ. त्यानं खुर्ची दिली, पाणी दिलं, आणि विचारायच्या आधीच सांगून टाकलं की त्याची चाळ जुनी आहे, म्हणून त्याचं उदाहरण धरू नये. तक्त्यात त्याची चाळ तीन वर्षांपूर्वी बांधलेली होती. आशाताईंनी ते बोलून दाखवलं नाही. पाणी कधी तोडलं एवढंच विचारलं, तर प्रश्न पुरा व्हायच्या आत पंधरा दिवस असं उत्तर आलं, आणि सोपान चाळीकडे बघायला लागला.

आशाताईंनी चाळीतला एक बरा कांदा उचलला. त्याच्या मुळांना मातीचा खडा घट्ट वाळून बसला होता, नखानं निघेना. तो त्यांनी पर्समध्ये टाकला.

गोकुळ तिशीतला, बडबड्या माणूस. त्याला आपला कांदा का टिकला याचं नवल वाटत होतं, कारण त्याच्या मते यंदा त्याच्यावर साडेसाती होती. ऐन काढणीच्या तोंडावर विहिरीवरची मोटार जळाली आणि रान पार कोरडं पडलं. काढणीच्या बायकांना खुरप्यानं एकेक कांदा उकरावा लागला. त्यांनी त्याला दिवसभर शिव्या घातल्या, आणि बऱ्याच कांद्यांना खुरपं लागलं ते निवडून बाजूला काढावे लागले. त्याच्या चाळीतल्या कांद्यांची मुळं झाडून घेतल्यासारखी स्वच्छ होती. आशाताईंनी त्यातलाही एक पर्समध्ये टाकला.

“मग तुम्ही पंधरा दिवस का सांगितलं?” प्रांजलनं विचारलं.

गोकुळ ओशाळून हसला. “खरं तर बावीस दिवस झालं असतील. पर सगळी पंधरा सांगत व्हती. म्हणलं आपलंच येडंवाकडं कशाला.”

सोनबा ओढ्याकाठी मेंढ्यांना पाणी पाजत होता. नातीबरोबर कोण आलंय हे कळल्यावर त्यानं घोंगडी झटकून अंथरली आणि बाईंना बसायला लावलं. तुमी कुणाच्या, हा पहिला प्रश्न. आशाताईंनी माहेर सांगितलं आणि आपल्या वडिलांचीही मेंढरं होती हेही सांगितलं.

“मग काय झालं त्येंचं?”

“विकली. आम्ही भावंडांनीच हट्ट धरला, आता आराम करा म्हणून. ते घरात बसले आणि मग बसलेच. वर्षही काढलं नाही.”

सोनबानं मान हलवली. प्रांजल दुसरीकडे बघत होती. हे आशाताईंनी आजवर कुणाला सांगितलं नव्हतं, आणि सांगितल्यावर त्यांना स्वतःचाच राग आला, म्हणून त्यांनी घाईनं कामाचं विचारलं: मेंढ्या कुणाच्या रानात बसवायच्या हे कसं ठरतं?

“त्यात ठरवायचं काय? जितं मेंढराला पाणी, तितं वाघर. लांबच्या रानात तान्हेली ठिवायची व्हय?”

आशाताईंनी प्रांजलकडे बघितलं. प्रांजलच्या डोक्यात तक्ता फिरायला लागलेला त्यांना दिसला. मेंढ्या बसलेली जवळजवळ सगळी रानं ओढ्याच्या अंगाची होती. उन्हाळ्यात विहिरींना पाणीही तिथंच असतं.

निघताना सोनबानं त्यांना थांबवलं. “बाई, येक इचारू? मेंढरावरचा आळ गेला, तर तो कुणावर येईल?”

या माणसाला ते विचारायचं सुचलं, याचंच आशाताईंना नवल वाटलं.

५

काढणीच्या बायकांची टोळी सरूबाईची. अठरा बायका, आणि सरूबाईचा शब्द म्हणजे शब्द. गुरुवारी तिच्या ओट्यावर बसून आशाताईंनी पर्समधले दोन कांदे तिच्यापुढे ठेवले, कुणाचे ते न सांगता.

सरूबाईनं ते हातात घेऊन बघितले. “ह्यो वल्यातला. ह्यो कोरड्यातला.”

पुढचं तिनं आडपडदा न ठेवता सांगितलं. एप्रिलात रान वाळलं की दगड होतं. मग कांदा उपटत नाही, खुरप्यानं उकरावा लागतो. त्यामुळे टोळीचा नियमच होता: काढणीच्या तीन-चार दिवस आधी रानाला पाणी द्या, नाहीतर आम्ही शेवटी येऊ. ओढ्याकाठच्यांकडे द्यायला पाणी असे, ते देत. लांबच्यांकडे नसे, त्यांचं रान शेवटी खुरप्यानं निघे. ओल्या रानात हात भरभर चाले. सकाळी उपटायचा, दुपारी पात कापायची, आणि यंदा अवकाळीच्या धाकानं मालक संध्याकाळी माल चाळीत भरून मोकळा.

कुठली रानं ओली होती, हे आठवतंय का? सरूबाईला आठवत नव्हतं असं काही नव्हतंच. तिनं गावाच्या वरच्या अंगापासून एकेक रान बोटांवर मोजलं आणि प्रांजलनं लिहून घेतलं. ओली एकोणतीस. मेंढ्या बसलेली रानं होती तीस. त्यातली सव्वीस दोन्हीकडं होती.

आता कोडं सुटल्यात जमा होतं. सव्वीस रानांत मेंढ्या आणि पाणी एकाच वेळी हजर, तिथं दोष कुणाचा हे कुणालाच सांगता येणार नाही. साक्ष द्यायची ती उरलेल्या सात रानांनी. चार रानांत मेंढ्या बसल्या आणि काढणी कोरडी झाली, गोकुळचं त्यातलंच. चारही चाळी चांगल्या होत्या. तीन रानांत मेंढ्या नव्हत्या, पण पाणी दिलं होतं; सोपानचं त्यातलं. तिन्ही चाळी सडल्या होत्या. प्रांजलनं दोनदा तपासलं आणि पेन खाली ठेवलं. तिच्या चेहऱ्यावर तीन दिवसांनी पहिल्यांदा टवटवी आली.

मग सरूबाईनं घरातून एका म्हातारीला हाक मारली. अंबाबाई तिचं नाव. तिनं काही न बोलता दोन्ही हात पुढे केले. बोटं सांध्यात सुजलेली, मूठ मिटत नव्हती, दोन नखं उखडून पुन्हा वाकडी आलेली.

“आमच्यात अशा चौघी हाईत,” सरूबाई म्हणाली. “पाणी आमीच मागतो. आता नाव आमचं येणार का, बाई?”

प्रांजलच्या चेहऱ्यावरची टवटवी उतरली. संध्याकाळी तिनं हे सगळं घरी सोनबाला सांगितलं. मग तो म्हणाला, “तसं आसल तर माजंच नाव ऱ्हाऊ द्या. मेंढरं काय, आज ना उद्या जायचीच. त्या बायांनी हात कुटं न्यायचं?”

प्रांजलनं हे आशाताईंना फोनवर कळवलं. फोन ठेवून त्यांनी कांद्याच्या पुस्तकातलं काढणीनंतरचं पान उघडलं.

६

शुक्रवारी पाच वाजता मारुतीच्या देवळापुढच्या शेडमध्ये गट जमला. सह्यांचा कागद टेबलावर होता. मागं टोळीच्या बायका येऊन बसल्या, आणि सोनबा पायरीवर, चपलांच्या शेजारी.

आशाताईंनी ते दोन कांदे कागदावर ठेवले आणि वर्गात बोलत तसं बोलायला सुरुवात केली. मेंढ्यांच्या लांबलचक पट्टीपासून त्यांनी सगळं क्रमानं सांगितलं: शून्याचं, एकाच उत्तराचं, मुळांना चिकटलेल्या मातीचं, ओढ्याकाठच्या रानांचं, आणि त्या सात रानांचं. कुणाचं नाव घेतलं नाही.

“मुलीचा हिशेब बरोबर होता,” त्या म्हणाल्या. “तिला तुम्ही एक रकाना कोरा दिलात. कोऱ्या रकान्याचा दोष शेजाऱ्यावर जातो, तसा तो मेंढ्यांवर गेला.”

पुढच्या रांगेतून कुणीतरी पुटपुटलं, की मग पाणी मागणाऱ्यांना धरा. सरूबाई मागून उठली.

“आमी मागितलं,” ती म्हणाली. “बोटं दाखवून मागितलं. तुमी बगून दिलं.”

ती बसली. आशाताईंनी पुस्तकातल्या पुढच्या पानाची आठवण करून दिली: ओल्या रानातला कांदा पातीसकट पाच-सहा दिवस पसरून सुकवला आणि मग पात कापली, तर तोही टिकतो. बायकांनी पाणी मागितलं होतं. त्याच दिवशी चाळ भरायला त्यांनी सांगितलं नव्हतं. “आता कुणाला धरायचं ते तुम्ही बघा. मला फक्त तो रकाना भरून पाहिजे.”

माणसं एकमेकांकडे न बघता कांद्यांकडे बघत होती. प्रांजल लॅपटॉप उघडून बसली होती, बोटं बटणांवर. सोनबाची मान खाली होती. आशाताईंना वाटलं, ही माणसं आता उठून जाणार, आणि उद्या टेम्पो येणार.

सोपान उभा राहिला. त्यानं सदऱ्याची बाही नीट केली.

“लिव, प्रांजल,” तो म्हणाला. “सोपान. तीन दिवस.”

प्रांजलनं लिहिलं.

“ठराव बी मीच आणला व्हता,” तो पुढं म्हणाला. “सड का झाली ते मला आतून ठावं व्हतं. पर चित्रात मेंढ्या आल्या आन् मला बरं वाटलं.”

मग डावीकडून कुणीतरी चार म्हणालं. त्याच्या मागचा तीन. एक म्हातारा म्हणाला, आठवत न्हाई, पर रान वलं व्हतं, हातानं उपटलं. गोकुळनं बावीस सांगितलं तेव्हा थोडं हसू झालं आणि लोक सैल पडले. नंतर आकडे भराभर आले. लांबच्या रानवाल्यांचे वीस, पंचवीस, अठरा. ओढ्याकाठचे तीन, चार, दोन. सरूबाईनं बोटांवर मोजलेल्या यादीशी ते एकूण एक जुळत गेले. जे हजर नव्हते त्यांना फोन लावले गेले. चौसष्टावा आकडा पडला तेव्हा बाहेर अजून ऊन होतं.

प्रांजलनं सातशे वीस रांगा पुन्हा लावल्या. क्षणभरच लागला. तिनं स्क्रीन सोपानकडे फिरवली. पाण्याची पट्टी आता सगळ्यांत लांब होती. सोपाननं सह्यांचा कागद उचलून उभा फाडला, आणि आधी टोळीच्या बायकांना, मग गटाला सांगितलं, की पाणी नेहमीसारखं मिळेल आणि कांदा पातीसकट सुकल्याशिवाय कुणी चाळ भरायची नाही.

लोक उठले. सोपान जाता जाता सोनबापुढं थांबला. सोनबानंच त्याच्या दंडावर हात ठेवला, तेव्हा कुठं तो पुढं गेला.

शेड रिकामी झाल्यावर सोनबानं नातीला विचारलं, “आन् आमचं किती निगालं?”

प्रांजलनं स्क्रीनकडे बघितलं, मग आशाताईंकडे. आशाताई मुद्दाम पर्स आवरत होत्या. हे उत्तर त्या देणार नव्हत्या.

“थोडं आहे, आबा,” प्रांजल म्हणाली. “शंभरातलं चार.”

“चार.”

“शून्य नाही येत.”

सोनबानं विचार केला. “येवड्या मेंढरांत चार तर निगायचंच,” तो म्हणाला. “ऱ्हाऊ दे तसंच.”

प्रांजलला हुंदका आवरला नाही. गावभर चित्र फिरलं तेव्हा, अंबाबाईचे हात बघितले तेव्हा, आजोबा गप जेवायला बसले तेव्हा ती रडली नव्हती, ते सगळं आत्ता आलं. सोनबा गडबडला. त्यानं तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि आपला मोबाईल आशाताईंपुढे धरून मच्छिंद्रला फोन लावायला सांगितलं. फोन त्यानं कानापासून वीतभर लांब धरला आणि मोठ्यानं सांगितलं, “मच्छिंद्रा, उद्या येऊ नगं. मेंढरं घरीच हाईत.”

मग तो पायरीवर नातीच्या शेजारी टेकला. ती इतकी वर्षं काय शिकते हे त्यानं कधी विचारलं नव्हतं. आपल्याला ते कळणार नाही असं त्यानं धरून ठेवलं होतं, आणि तिनंही.

“पोरी,” तो म्हणाला, “हे चार कसं काडलंस ते मला सांग की.”

प्रांजलनं ओढणीनं नाक पुसलं आणि अगदी पहिल्यापासून सांगायला घेतलं.